दिल्लीला काही काम नव्हतं

ऑक्टोबर २०१८ मध्ये पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात एक बातमी आली होती, की दिवाळीच्या गर्दीसाठी एअर इंडिया दिल्ली-मुंबई आणि दिल्ली-कोलकाता मार्गावर थोडे दिवस जम्बो जेट लावणार. बोइंग ७४७-४००. ४२३ सीटा. एरवी या मार्गावर तेव्हा जी छोटी विमानं जायची त्यांच्या दुपटीहून जास्त माणसं एका फेरीत. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांनी पुढच्या क्षणी सोन्याचा भाव बघितला असेल, मी मात्र चहा तसाच ठेवून उठलो आणि मोबाइलवर तिकिटं शोधायला लागलो. दिल्लीला माझं काहीही काम नव्हतं. ओळखीचं कुणी नाही, लग्न नाही, ऑफिसचं काम नाही, आणि सांगलीतल्या एका साध्या नोकरदार माणसाने ऐन दिवाळीच्या तोंडावर मुंबईला जाऊन विमानात बसून दिल्ली गाठायची आणि परत यायचं, हे घरात कुणाला कसं समजावणार.

सांगलीकराला विमानाचं वेड लागावं याचंच मुळात लोकांना नवल वाटतंय. आमच्याकडे कवलापूरला विमानतळाची जागा आहे, विमानतळाच्या चर्चा आहेत, प्रत्येक निवडणुकीत आश्वासनही आहे, फक्त विमान तेवढं नाही. आम्ही विमानं बघितली ती सगळी डोक्यावरून जाणारी, निळ्या आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारी. पुढे मोबाइलवर अॅप आलं आणि ती रेघ कुठून कुठे चालली हे कळायला लागलं, मग काय, आयर्विन पुलावर उभं राहून मान वर करून "हे दुबईवरून आलंय" असं मित्रांना सांगायचं आणि त्यांनी हसायचं, असं चालू झालं. पण जम्बो ही वेगळीच गोष्ट होती. लहानपणी विमानाचं चित्र काढा म्हटलं की मी पुढे टेंगूळ असलेलंच विमान काढायचो, कारण कॅलेंडरवर तेच होतं.

ते टेंगूळ का आहे हे कळलं तेव्हा मी जम्बोच्या जास्तच प्रेमात पडलो. साठच्या दशकात सगळ्यांना वाटत होतं की आता काँकॉर्डसारखी आवाजापेक्षा वेगाने जाणारी विमानं येणार आणि पाच-दहा वर्षांत साधी प्रवासी विमानं मोडीत निघणार. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या हुआन ट्रिपला मोठं विमान पाहिजे होतं, १९६६ मध्ये त्याने २५ विमानांची ऑर्डरही दिली, पण बोइंगमधल्या लोकांनी विचार केला की हे विमान उद्या माणसं नेणार नाही, माल नेणार. मग मुख्य इंजिनियर जो सटर आणि त्याच्या टीमने आठ-आठ फुटी दोन कंटेनर शेजारी शेजारी मावतील एवढी रुंदी धरली, म्हणजे आत साधारण २० फूट. आणि माल नाकातून सरळ आत ढकलता यावा म्हणून नाक उघडणारं पाहिजे, नाक उघडायचं तर पायलट तिथे बसून चालणार नाही, म्हणून पायलटला उचलून वर बसवला. झालं टेंगूळ. नंतर ती आवाजाच्या पुढची विमानंच मागे पडली, आणि मालासाठी रचलेल्या त्या रुंदीत माणसं पन्नास वर्षं ऐसपैस बसली. ९ फेब्रुवारी १९६९ ला पहिलं उड्डाण, २२ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्क-लंडन पहिली प्रवासी फेरी.

असो. तिकिटाचं सांगत होतो. मी दोन काढली. दुसरं आप्पांचं.

आप्पा म्हणजे माझे वडील, आख्खी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. इंजिन सेक्शन. ५८ पूर्ण झाली तशी नियमाप्रमाणे निवृत्ती आली, नारळ-शाल झाली, फोटो झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून अंघोळ करून डबा कुठाय म्हणून विचारत होते. आजही गल्लीत कुणाची गाडी आली की अंथरुणातून सांगतात, "ह्याचा टॅपेट वाजतोय." असल्या माणसाने विमानाचं इंजिन जवळून एकदाही ऐकलेलं नाही हे मला बरोबर वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा स्वार्थही होता, एकट्याने जायचं म्हटलं असतं तर आईने उभं केलं नसतं, "आप्पांना एकदा विमानात बसवतो" म्हटल्यावर तिचं तोंड बंद झालं. फक्त एवढं म्हणाली, "वसुबारसेच्या आत घरात पाहिजे दोघंबी."

आप्पांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "दिल्लीला काय हाय?"

"काही नाही. विमान बघायचं."

"मग मुंबईतच बघ की. दिल्लीला कशाला न्यायचं त्याला?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. तरी आले.

मिरजेतून रात्री महालक्ष्मी पकडली, सकाळी दादरला उतरलो, पुढे लोकलने आणि रिक्षाने विमानतळ. पिशवीत भडंग आणि चकल्या, कारण आईच्या मते दिल्लीत काही खायला मिळत नाही. सिक्युरिटीत भडंगाची पिशवी त्या मशीनमधून गेली, तिथल्या जवानाने उघडायला लावली, वास घेतला आणि हसून परत दिली, मला वाटतं तो पण आपल्याच बाजूचा असावा.

आत गेलो आणि काचेतून ते दिसलं.

फोटो हजार बघितले होते. व्हिडिओ तर तोंडपाठ. पण काचेच्या पलीकडे नाक आपल्याकडे करून उभं असलेलं जम्बो बघणं वेगळं. पायलटची खिडकी एवढी वर, की आपण कुठल्या मजल्यावर उभं आहोत याचाच गोंधळ होतो. खाली माणसं फिरत होती ती चाकांपेक्षा थोडीच उंच दिसत होती. एकूण १८ चाकं, पुढे दोन आणि मागे चार-चारच्या चार जोड्या. लांबी ७० मीटरच्या वर, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ६४ मीटर, आणि टोकाला ते वर वळलेले सहा फुटी विंगलेट, जे ४०० मॉडेलची ओळख. खिडक्यांभोवती लाल झरोखे. हे झरोखे एअर इंडियाच्या जम्बोंवर १९७१ पासूनचे, पहिलं जम्बो आलं 'एम्परर अशोक' तेव्हापासून, खिडकी ही खिडकी नाही तर महालाचा सज्जा आहे असं दाखवायचा तो थाट. नोंदणीची अक्षरं वाचली, व्हीटी-ईएसओ. म्हणजे 'खजुराहो'. मी आप्पांना सांगितलं की ह्याचं नाव खजुराहो आहे. आप्पा म्हणाले, "नाव ऱ्हाऊ दे, मॉडेल कुठलं सालचं?"

नव्वदच्या दशकातलं, म्हटलं. पंचविशीच्या आसपास.

त्यांनी मान हलवली. एसटीची गाडी एवढी वर्षं कुणी ठेवत नाही. मी सांगितलं की विमानाचं वय वर्षांवर नसतं, फेऱ्यांवर असतं. दर वेळी वर गेलं की आत हवेचा दाब भरतो, खाली आलं की उतरतो, तेवढा धातू ताणला जातो आणि सैल होतो, आणि हा ताण-सैल मोजत बसायचा. जम्बो लांबच्या फेऱ्या करतं, दहा-बारा तासांची एक, म्हणून वर्षं जास्त झाली तरी फेऱ्या कमी. ज्या छोट्या विमानाला दिवसातून पाचसहा वेळा उतरावं लागतं ते आधी म्हातारं होतं. शिवाय काही वर्षांनी डी-चेक म्हणून असतो, त्यात सीटा, गालिचे, भिंतीचे पत्रे, सगळं उचकटून आतला सांगाडा उघडा करतात, एकेक जोड तपासतात, गंज बघतात, भेगा बघतात, आणि परत जोडतात. महिना-दोन महिने चालतं.

"म्हणजे दापोडीला नेल्यागत," आप्पा म्हणाले. पुण्याजवळच्या दापोडीच्या कार्यशाळेत एसटीच्या गाड्या अशाच सांगाड्यापर्यंत सोलून नव्याने बांधल्या जायच्या. मी इतकी वर्षं डी-चेक लोकांना समजवायचा प्रयत्न करत होतो, ते एका शब्दात आटोपले.

विमानात शिरलो तेव्हा डाव्या हाताला पुढे नाकाकडे जाणारा भाग, आणि वर जाणारा जिना. तो जिना! विमानात जिना असतो हे आप्पांना मी आधी सांगितलं होतं तरी ते तिथे थांबले आणि मागची रांग थांबली. आमच्या तिकिटात वरचा मजला नव्हता. मी जिन्याच्या कठड्याला हात लावून घेतला एवढंच, शेजारी उभ्या असलेल्या हवाईसुंदरीने बघितलं, काही बोलली नाही, तिला असले लोक रोज भेटत असणार.

मागे गेलो. तीन-चार-तीन अशा सीटा, दोन बोळ, आणि लांब बघितलं तर केबिन संपतच नाही, पुढे पडदा, त्यापुढे परत केबिन. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पहिलं उड्डाण केलं ते १२० फुटांचं होतं, ते या विमानाच्या आत, इकॉनॉमीच्या भागातच, करता आलं असतं, हे वाक्य मी आप्पांना ऐकवणार म्हणून कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं, पण ते सीटच्या पट्ट्याचं बकल उघडून बंद करून बघत होते. वय दिसत होतं विमानाचं. म्हणजे खराब नव्हतं काही, पण आजच्या विमानांत जे गोलगोल निळे दिवे आणि गुळगुळीत कोपरे असतात ते इथे नव्हते, प्लास्टिकचा रंग जुन्या फ्रिजसारखा मऊ पिवळसर झालेला. टॉयलेटच्या दारात ॲश-ट्रे. सिगारेट कधीचीच बंद आहे तरी ॲश-ट्रे ठेवावाच लागतो, नियमच आहे तसा, कारण कुणी लपून ओढलीच तर ती कागदाच्या डब्यात विझवू नये.

आता खिडकी. उजव्या बाजूची, पंखाच्या थोडं मागची खिडकी मी मुद्दाम निवडली होती, सीटचा नकाशा काढून, तासभर घालवून. आणि बसायच्या वेळी आप्पांना म्हणालो, "तुम्ही बसा खिडकीत." ते नको म्हणतील असं मनात धरून बोललो होतो. ते बसले.

मग मी मधल्या सीटवर. तिसऱ्या सीटवर एक गुजराती काका होते, त्यांना बसल्या बसल्या झोप लागली, दिल्लीपर्यंत. माणूस जम्बोमध्ये बसून झोपू शकतो हे मी त्या दिवशी बघितलं.

इंजिन सुरू होताना एक गंमत होते, ती लक्ष देणाऱ्यालाच कळते. आधी एसीचा घुमणारा आवाज बंद होतो आणि केबिनमध्ये एकदम शांत होतं, कारण शेपटीतल्या छोट्या इंजिनाची सगळी हवा आता मोठी इंजिनं फिरवायला लागते. मग खालून, लांबून, एक बारीक गुणगुण चढत जाते. आप्पांनी माझा हात धरला. भीतीने नव्हे, गप्प बस म्हणून. मी काहीतरी सांगत होतो प्रॅट अँड व्हिटनीबद्दल, म्हणजे ही इंजिनं बनवणाऱ्या कंपनीबद्दल. ते कान लावून ऐकत होते. एक झालं, दुसरं झालं. चौथं लागल्यावर म्हणाले, "स्टार्टर इलेक्ट्रिकचा न्हाई, हवेवर फिरवतोय. झकास."

टेकऑफला मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर उठलं. या विमानाचं कमाल वजन ३९७ टनांच्या घरात, टाक्यांत दोन लाख लिटरच्या वर इंधन मावतं, पण ते अमेरिकेला जायचं असेल तेव्हा. दिल्लीसाठी त्यातलं थोडंसंच भरलेलं. म्हणून ते हलकं होतं आणि चार इंजिनं मात्र तीच. पाठ सीटला चिकटली, डोक्यावरचे सामानाचे कप्पे सगळे एका सुरात थरथरायला लागले, कुठेतरी मागे भांडी वाजली, नाक उचललं, आणि मग काही क्षण असे की पुढचा भाग हवेत आहे आणि आमचा अजून जमिनीवर. ७० मीटर लांबीच्या विमानात मागे बसलं की हे कळतं. नंतर आमचंही सुटलं. आप्पा फक्त "आयला" म्हणाले.

धावपट्टी संपली की समुद्र येतोच. पण त्याआधी उजव्या बाजूला खाली जुहूची जुनी धावपट्टी दिसते, छोटीशी, इमारतींनी वेढलेली. मी आप्पांच्या खांद्यावरून वाकून तेवढीच बघून घेतली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून तिथे उतरले होते. ते विमान एवढं लहान होतं की जम्बोच्या एका पंखाखाली अशी कितीतरी उभी राहतील. त्या टपालापासून या जम्बोपर्यंत एकाच कंपनीचा धागा, आणि हे अंतर एका माणसाच्या आयुष्यात मावलं. जेआरडी गेले १९९३ मध्ये, म्हणजे ४०० मॉडेलची विमानं भारतात यायला लागली तेव्हाच.

डाव्या बाजूचा समुद्र मला दिसत नव्हता आणि ते बरंच होतं. वांद्र्यासमोरच्या त्याच समुद्रात 'एम्परर अशोक' पडलं होतं, १ जानेवारी १९७८ च्या रात्री, दुबईला निघालेलं, उडून दोन मिनिटंही झाली नव्हती. २१३ माणसं गेली. ही गोष्ट त्या वेळी आप्पांना सांगायची नाही एवढी अक्कल मला होती.

वर स्थिर झाल्यावर आप्पांनी विचारलं, "ह्यो आवाज घुमतोय का?" व्वॉं-व्वॉं असा हळू येणारा-जाणारा घुमारा होता, मला तर तोपर्यंत जाणवलाच नव्हता. चार इंजिनं एकाच वेगाने फिरत नसतील, अगदी किंचित फरक असेल, तर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून असा घुमारा निघतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की हेच होतं, आणि मिरजेच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही. थोड्या वेळाने तो घुमारा कमी झाला. "जुळवलं," आप्पा म्हणाले आणि मगच त्यांनी भडंगाची पिशवी सोडली.

दिल्लीजवळ आल्यावर बाहेर सगळं राखाडी. नोव्हेंबरातली दिल्ली, खाली जमीन आहे की नाही तेच समजेना. पण मला जमीन बघायचीच नव्हती, मला पंख बघायचा होता. जम्बोचे फ्लॅप उघडतात तो सगळ्या विमानप्रवासातला सगळ्यात भारी देखावा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या विमानांत फ्लॅप म्हणजे एक फळी थोडी मागे सरकते आणि खाली झुकते, संपलं. जम्बोचे तीन तुकड्यांत उघडतात. पंखाच्या मागच्या कडेतून एक फळी निघते, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी, मध्ये फटी, फटींतून खालचं धुकं दिसतंय, आणि एकसंध दिसणारा पंख बघता बघता सुटा सुटा होऊन खाली वाकतो. एवढं वजन इतक्या कमी वेगात हवेत धरून ठेवायचं तर पंख मोठा करावा लागतो, आणि त्या फटींतून वरच्या बाजूला हवा सोडत राहावी लागते म्हणजे ती पंखाला धरून वाहते. साठच्या दशकात स्लाइड-रूल नावाच्या सरकत्या पट्टीवर हिशोब करून माणसांनी हे बनवलं. मी आप्पांच्या अंगावर जवळजवळ आडवा झालो होतो. ते सगळे खालीवर होणारे दांडे, स्क्रू, रूळ बघून त्यांनी विचारलं, "ह्याला ग्रीस कोण मारतंय?"

हा प्रश्न मला विमानावरच्या कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता.

उतरलं मात्र अगदी अलगद. दिल्लीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. स्वस्तातलं एक लॉज, खोकला, एक लाल किल्ला बाहेरून. आप्पांना कुतुबमिनारपेक्षा तिथल्या सीएनजी बसमध्ये जास्त रस. दुसऱ्या दिवशी दुपारी निजामुद्दीनवरून गोवा एक्सप्रेस, जी दिल्लीतून निघून भोपाळ, मनमाड, पुणे, सातारा करत थेट आमच्या सांगली-मिरजेत आणून सोडते. जाताना हवेत दोन तास आणि येताना दीड दिवसाच्या आसपास.

खरी मजा त्या रेल्वेत आली. आप्पा बोलायला लागले. विमानात ते ऐकत होते, आता विचारत होते. तेव्हा मी त्यांना अशोकची गोष्ट सांगितली. की कॅप्टनच्या समोरचा विमानाचा कल दाखवणारा काटा बिघडला, विमान उजवीकडे कललंय असं तो दाखवत राहिला, बाहेर समुद्रावर काळोख, क्षितिज दिसत नाही, आणि कॅप्टन विमान डावीकडे झुकवत गेला ते शेवटपर्यंत.

आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ऑइलचा काटा खोटं बोलाय लागला तर आम्ही काटा न्हाई बघत, इंजिन ऐकतो. त्याला अंगाला कळलं न्हाई व्हय, आपण पालथं होतोय म्हणून?"

हेच तर आहे, मी म्हणलं, तिथे अंगाला कळत नाही. बाहेर काही दिसत नसेल तर कानातला तोल दोन मिनिटांत फसवतो, वळणात असलेला माणूस सरळ आहे असं सांगतो. म्हणून पायलटला पहिल्यापासून शिकवतात की स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवू नको, काट्यावर ठेव. आणि तोच काटा खोटा निघाला तर शेजारच्या पायलटचा काटा बघ, मधला तिसरा बघ, दोन सांगतील ते खरं. आप्पांना हे पटलं नाही पूर्णपणे. सगळं आयुष्य कानावर आणि हाताच्या तळव्यावर चाललेल्या माणसाला अंगावर विश्वास ठेवू नको असं सांगणं अवघडच. "मग मेकॅनिक कशाला पाहिजे," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

म्हणून मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. १९८२ ची. ब्रिटिश एअरवेजचं जम्बो, लंडनहून मुंबई करत पुढे चाललेलं, जावाजवळ रात्री ज्वालामुखीच्या राखेत घुसलं आणि चारही इंजिनं बंद पडली. चारही. एवढं मोठं विमान नुसतं तरंगत खाली येत होतं, आणि पायलट परत परत चालू करायचा प्रयत्न करत होते. राखेतून खाली आल्यावर इंजिनं एकेक करून पेटली आणि जाकार्ताला सगळे सुखरूप उतरले. आतमध्ये राख वितळून काचेसारखी चिकटली होती, इंजिन बंद पडल्यावर ती गार होऊन थोडी तडकली, सुटली, म्हणून परत श्वास घेता आला. ही गोष्ट आप्पांना इतकी आवडली की समोरच्या बाकावरच्या फलटणच्या कुटुंबाला त्यांनी ती माझ्यादेखत परत सांगितली, त्यात थोडी भर घालून. त्यांच्या गोष्टीत एक मेकॅनिक पण होता.

पुणे सोडल्यावर अंधार पडत होता तेव्हा त्यांनी विचारलं, की एवढं चांगलं चालतंय तर काढतायत कशाला? विमान बंद होत चाललंय हे मी आधीच सांगितलं होतं.

मी हिशोब सांगितला. जम्बो तासाला साधारण दहा टन इंधन पितं. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावर फार लांब जायची परवानगी नव्हती, एक बंद पडलं तर जवळ विमानतळ पाहिजे, म्हणून महासागर ओलांडायला तीन-चार इंजिनं लागायची. १९८५ पासून ती परवानगी वाढत गेली, आधी दोन तासांच्या अंतरापर्यंत, मग तीन. कारण इंजिनं बंद पडणंच कमी झालं. आणि इंजिनं मोठी झाली. आपल्या खजुराहोची चार इंजिनं मिळून साधारण २ लाख २७ हजार पौंड जोर लावतात. बोइंग ७७७-३०० ईआरची दोनच इंजिनं, पण मिळून २ लाख ३० हजार. दोनाचं तेल, दोनाची देखभाल, काम तेवढंच.

"म्हणजे ह्याच्यात बिघाड काय न्हाई."

"नाही. हिशोबात बसत नाही एवढंच."

"मग म्हातारं नगं म्हणू त्याला," ते म्हणाले. "निवृत्त म्हण."

मी काही बोललो नाही. साताऱ्याच्या अलीकडे गाडी कुठेतरी उभी होती, क्रॉसिंग असेल, बाहेर चहावाला ओरडत होता आणि आप्पांनी त्याला हाक मारून दोन चहा घेतले, पैसे त्यांनीच दिले, आख्ख्या प्रवासात पहिल्यांदा.

वसुबारसेच्या आत घरी पोचलो. आईने विचारलं दिल्ली कशी आहे, दोघांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतर कोरोना आला, जगभरातल्या कंपन्यांनी जम्बो काढून टाकायला ते निमित्त पुरलं. एअर इंडियाच्या जम्बोंची शेवटची प्रवासी फेरी २०२१ मध्ये झाली, पुढच्या वर्षी त्यांची नोंदणीही रद्द झाली. बोइंगने शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ च्या शेवटच्या दिवशी ॲटलस एअरला दिलं, १५७४ वं. आणि २२ एप्रिल २०२४ ला सकाळी एअर इंडियाचं 'आग्रा', व्हीटी-ईव्हीए, मुंबईवरून अमेरिकेकडे कायमचं निघालं. उडाल्यावर पायलटने पंख डावीकडे-उजवीकडे हलवून निरोप घेतला, तो व्हिडिओ दिवसभर फिरत होता. मी ऑफिसात होतो. टेबलाखाली मोबाइल धरून मुंबईवरचा तो पिवळा ठिपका बघत होतो, समोर बसलेल्या माणसाला वाटलं मी त्याच्या फॉर्मवरची काहीतरी चूक शोधतोय, तो बिचारा घाबरून गप्प बसला होता. ते आमचं विमान नव्हतं. आमचं खजुराहो. पण त्याने काय फरक पडतोय.

संध्याकाळी आप्पांना व्हिडिओ दाखवला. तीन-चारदा बघितला त्यांनी. पंख हलवले ते त्यांना आवडलं, पण आवाज नीट येत नाही म्हणून तक्रार. अमेरिकेत नेऊन काय करणार, विचारलं. म्हटलं अशी जुनी जम्बो विकत घेतात ते सुटे भाग काढायला घेतात नाहीतर मालवाहू करायला. जगात आता जी जम्बो उरलीत ती बहुतेक मालच नेतात. लुफ्तान्सासारख्या दोन-चार कंपन्या अजून माणसं नेतात, ते सोडून.

"माल म्हणजे कसला?"

"काय वाट्टेल तो. मशिनरी, औषधं, मोबाइल, घोडे. नाक उघडून आत भरतात."

"घोडे?"

"हो, घोडे."

आप्पांनी विचार केला. मग मार्केट यार्डातल्या आमच्या एका लांबच्या पाहुण्याचं नाव घेऊन म्हणाले, त्याला फोन लाव, हळदीची पोती किती मावत्यात ते विचार, आणि पोत्यांबरोबर माणूस लागत असंल तर मी रिकामाच हाय.